डाव्या अंगाचा पाशिंजर

त्यांच्या अंगणात पाऊल टाकलं आणि दुसऱ्याच मिनिटाला मी माझी दहाच्या दहा बोटं चावत उभी होते. हौस म्हणून नव्हे, त्यांनी चावायला लावली म्हणून.

झालं असं, की मला आणि इरफानला पिंपळवंडीत कामासाठी एक शांत खोली हवी होती. इरफान म्हणजे माझा सहकारी, जुन्नरच्या जुन्या बाजारपेठेतल्या घड्याळवाल्यांचा मुलगा. संगणकाचं सगळं तो बघायचा आणि माणसांचं सगळं मी, असं आम्ही वाटून घेतलेलं होतं. एका मळ्यात माडीवरची खोली रिकामी आहे असं कळलं, म्हणून गेलो. घरासमोर मांडव, मांडवावर दुधीभोपळ्याचा वेल, आणि वेलाला करंगळीएवढे दुधी लोंबत होते. खोलीचा विषय काढण्याआधी चार गोड शब्द बोलावेत म्हणून मी बोट करून म्हणाले, "वा, काय छान लागलेत!"

खाटेवर बसलेला एक उंच म्हातारा झटक्यात उठला आणि त्यानं माझा हात खाली पाडला.

"बोट दावू नका! कुजतंय ते."

कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते सडतं, हे मी आजोळी ऐकलेलं होतं. पण मधल्या काळात माझं बरंच शिक्षण झालं होतं. मी हसले. ते हसले नाहीत.

"आता चावा."

"काय?"

"बोटं. धाच्या धा. हळू चावली तरी चालतंय, पन सगळी."

मी चावली. इरफान हुशार. त्यानं दोन्ही हात खिशात घातले ते बोलणं संपेपर्यंत बाहेर काढले नाहीत. शेवटी मी भीत भीत विचारलं, "काका, खोली कुठंय?" माझ्या खांद्यावरून मागं कुठंतरी ते इतकं रोखून बघायला लागले, की साप निघाला की काय म्हणून मी गर्रकन वळले. मागं जिना होता.

"सापडली ना?" काका म्हणाले. "मंग बोट कशाला लागतंय?"

काका एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. नोकरीची शेवटची बारा वर्षं त्यांनी आहुप्याच्या मुक्कामी गाडीवर काढली होती. संध्याकाळी गाडी घेऊन डोंगरात जायचं, तिथंच झोपायचं, सकाळी माणसं घेऊन खाली यायचं. निवृत्तीच्या दिवशी गाडी डेपोत लावली, पण ड्रायव्हर काही त्यांच्या अंगातून उतरला नाही. खाकी शर्ट अजून अंगावर असायचा. अंगणातून गोठ्याकडे वळताना उजवा हात बाहेर काढून इशारा द्यायचे. मागं कोंबड्यांखेरीज कुणी नसलं तरी. घराच्या कोपऱ्यावरून वळताना घसा खाकरायचे, तो हॉर्न. दोनदा बेल वाजल्याशिवाय ते जेवायला उठत नसत, म्हणून सूनबाई ताट वाढून झालं की चमचा तांब्यावर दोनदा आपटायची. चुकून एकदाच आपटला तर काका होते तिथंच थांबायचे, कारण सिंगल बेलला गाडी थांबवायची असते. एकदा सूनबाईच्या हातून चमचा निसटून तांब्यावर पडला तेव्हा काका उंबऱ्यात एक पाय आत, एक पाय बाहेर असे उभे होते. आमटी निवत होती.

पण त्यांची खरी विद्या वेगळी होती. माणसाला हवं तिकडं बघायला लावायचं, आणि त्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

ही विद्या त्यांना उलट्यांनी शिकवली. डोंगरातला वळणाचा रस्ता, गाडीत कोंबलेली माणसं, आणि निम्म्यांना गाडी लागणारी. काकांचा अभ्यास असा, की माणूस जवळ बघतो तेव्हा त्याला मळमळतं, आणि लांब बघतो तेव्हा पोट जागेवर राहतं. मग पन्नास माणसांना लांब बघायला लावायचं कसं?

"सांगून बघितलं," काका म्हणाले. "लांब बघा रं, म्हनलं. तर पन्नासच्या पन्नास माज्याकडंच बघाया लागले. मानसाला बघ म्हनलं की तो सांगनाऱ्याकडं बघतो, राव. मंग म्या काय केलं, वळनाच्या आदी गाडी जरा हळू करायची आन् आपुनच लांबच्या सुळक्याकडं मान ताठ करून बघायचं. पुडच्या शिटावरचा बघतो, ड्रायव्हर काय बघतोय म्हनून. त्याच्या मागचा त्याचं बघतो. पार मागच्या शिटापस्तोर जात्या माना."

"आणि सुळक्यावर काय असायचं?"

"काय न्हाई. पन उलटी व्हत न्हाई."

आमचं काम काय होतं, ते आता सांगायला हवं. डोळ्यांवर बांधायचा तो व्हीआरचा चष्मा असतो ना, त्यात दिसणारा सहा मिनिटांचा चित्रपट आम्ही करत होतो. आहुप्याच्या देवराईचा. माणसानं चष्मा लावायचा आणि चारी दिशांना मान फिरवून राईत उभं असल्यासारखं बघायचं. तालुक्यात एक निसर्ग माहिती केंद्र होणार होतं, तिथं शाळेच्या पोरांना तो दाखवायचा होता. आमचा सगळा जीव त्यातल्या अकरा सेकंदांत अडकला होता. त्या अकरा सेकंदांत डाव्या हाताच्या एका जुन्या झाडावर शेकरू येतं, फांदीवर पालथं लवंडतं, लांबलचक तांबूस शेपूट खाली सोडतं, आणि जातं. तेवढ्यासाठी आम्ही राईच्या कडेला सतरा दिवस बसलो होतो. उन्हाचे चटके, डास, आणि इरफानच्या अम्मीचे "जेवलास का" असे फोन.

आणि बघणाऱ्यांपैकी एकालाही ते शेकरू दिसत नव्हतं. कारण साधं होतं. चारी दिशा मोकळ्या मिळाल्या की माणूस कुठंही बघतो. गावच्या सरपंचांनी सहाच्या सहा मिनिटं एका झोपलेल्या कुत्र्याकडं बघितलं आणि "कुत्रं एकदम खरं वाटतं" असा अभिप्राय दिला. माझ्या भाचीनं स्वतःचे पाय शोधले. मग मी शक्कल काढली. शेकरू यायच्या वेळी लालभडक बाण लुकलुकायचा आणि माझ्या आवाजात सूचना यायची: "आता डावीकडे पाहा." माझा आवाज मला फार आवडला होता.

बाणाची पहिली परीक्षा आम्ही काकांवर केली. चष्मा बांधला. काका ताठ बसले, दोन्ही हात पुढं करून नसलेलं स्टिअरिंग धरलं, उजवा पाय ब्रेकवर. सहा मिनिटं त्यांनी मान एका इंचानंही वळवली नाही. चष्मा काढल्यावर मी विचारलं, "काका, इकडंतिकडं का नाही बघितलं?"

"गाडी चालू असताना?" काकांनी मलाच वेड्यात काढलं. "समोर रस्ता हाय, मॅडम."

त्यांना मागच्या शिटावर बसलाय असं समजा म्हणून दुसऱ्यांदा चष्मा बांधला. या वेळी बाण लुकलुकला, माझा आवाज आला, काका वळले.

"कसं वाटलं?"

"बान लई झ्याक हाय," ते म्हणाले. "शेकरू कवा येनार व्हतं?"

इरफान खोलीबाहेर जाऊन हसून आला. मी मात्र चिडले. आठ दिवसांचं काम होतं ते. मी काकांना ऐकवलं, की पिंपळवंडीत बसून दुधी मोजणं वेगळं आणि हे तंत्रज्ञान वेगळं. काका रागावले नाहीत. "बोट दावलं की कुजतंय," एवढंच म्हणाले आणि गोठ्याकडं वळायचा इशारा देऊन निघून गेले.

आता काकूंबद्दल. खरं म्हणजे या घरातलं सगळंच काकूंबद्दल होतं, मलाच ते उशिरा दिसलं.

दोन वर्षांपूर्वी काकूंना झटका आला होता. हातापायात हळूहळू बरीचशी ताकद आली, वाचा तर पहिल्यापेक्षा धारदार झाली, पण एक गोष्ट गेली ती गेली. त्यांची डावी बाजू. डोळे चांगले होते, मान वळत होती. पण डाव्या बाजूला जग आहे, हेच त्यांचं डोकं विसरलं होतं. केस विंचरायच्या ते उजवीकडचे. दारात रांगोळी काढायच्या ती अर्धी, आणि पूर्ण झाली म्हणून डबी मिटायच्या. ताटातलं उजवीकडचं संपवायच्या आणि म्हणायच्या, "एवढंच वाढलं व्हय?" मग काका ताट अर्धं फिरवायचे. काकूंना भाजी दिसायची. "दुसऱ्यांदा वाढू नका म्हनलं तरी ऐकत न्हाईत," असं करवादत त्या पुन्हा जेवायच्या.

कुणी डावीकडं बघा म्हटलं, तर त्या मान न हलवता म्हणायच्या, "बघितलं की." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी सगळं बघून झालेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की डावीकडं वळवत राहा, पण ओढूनताणून नको. त्यांच्या त्या वळल्या पाहिजेत. काकांनी हे ड्यूटी लावून दिल्यासारखं घेतलं. दर सोमवारी ते टीव्ही चार बोटं डावीकडं सरकवायचे. काकू मालिकेच्या मागं मागं चार बोटं वळायच्या. आम्ही राहायला गेलो तोवर टीव्ही भिंत संपवून स्वयंपाकघराच्या दारात आला होता. घरातली माणसं आत जाताना त्याला वळसा घालायची, सूनबाई परात डोक्यावर धरून आडवी व्हायची. पण ज्या सोमवारी टीव्ही दाराच्या मधोमध आला, त्या सोमवारी काकूंची मान थांबली. त्यापुढं टीव्ही सरकला की काकू म्हणायच्या, "लाइट गेली वाटतं."

हे सगळं मला एका दुपारी कळलं. काकूंच्या उजव्या बाजूला बसून मी शेंगा सोलत होते. काकू गाऱ्हाणं सांगत होत्या.

"ह्यो मानूस रिटायर झाला आन् गावभर हिंडाया लागला बघ. दिसभर घरात टिकत न्हाई. कामापुरता येतो, गोळी देतो, की झाला पसार. नोकरीत रातच्याला नसायचा, आता दिसाचापन नसतो."

आणि काका त्यांच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर, शेंगांचं दुसरं सूप घेऊन बसले होते. रोज बसायचे. उजवीकडून यायचे, गोळी द्यायचे, खाटेला वळसा घालायचे आणि डावीकडं येऊन गाडी लावायचे.

"हाय की हितं," काका म्हणाले.

काकूंनी उजवीकडं माझ्यामागं बघितलं. "आवाज तर येतोय. फोन लावलाय का गं?"

मी काकांना बाहेर बोलावून म्हटलं, "काका, तुम्ही उजवीकडं बसा ना. निदान तुम्ही दिसाल तरी त्यांना."

काका वेलाकडं बघत राहिले. मीही बघितलं, नेहमीप्रमाणं मला ते वळल्यावर कळलं.

"उजवीकडं बसलो," ते म्हणाले, "तर मंग तिला डावीकडं वळायचं कारनच काय ऱ्हायलं, पोरी?"

मॅडमची मी पोरी झाले होते. मला फार वाईट वाटलं, त्यांच्यासाठीही आणि माझ्या त्या बाणासाठीही. त्याच संध्याकाळी मी बाण काढून टाकला, माझा लाडका आवाज पुसून टाकला आणि वही घेऊन काकांसमोर बसले. म्हटलं, शिकवा.

काकांची शिकवणी दोन दिवस चालली. सूत्र एकच: नजरेला बोलवायचं, ओढायचं नाही. आधी माणूस आपणहून कुठं बघतो ते बघायचं. तिथून त्याला उचलायचं आणि चार बोटं पुढं ठेवायचं. मग आणखी चार बोटं. आपण दाखवतोय असा वास आला की फसलं; त्याला वाटलं पाहिजे, मीच शोधलं. आणि एकदम लांबच्या गाडीत पाशिंजर चढत नाही, तर मधे गाड्या बदलायच्या.

"पहिली गाडी कुठली?" मी लिहीत विचारलं.

"कोंबडी."

कारण चालत्या कोंबडीकडं बघत नाही असा माणूस काकांनी बारा वर्षांत पाहिला नव्हता. कोंबडी उजवीकडून निघेल, मधे येईल. पुढं दुसरी गाडी म्हणजे एक माणूस. तो चालता चालता थांबेल आणि वर झाडाकडं बघेल. माणूस वर बघतो तिकडं माणूस बघतोच. मग तिथलं पान पडेल, आणि पानाच्या वर शेकरू. इरफाननं त्यात आपली भर घातली: बघायला नको त्या बाजूचं ऊन अगदी किंचित मंद करायचं, हवं तिकडं किंचित उजळ, आणि पाचोळ्याची खसफस बरोबर डाव्या कानात. "किंचित म्हंजे किती?" काकांनी विचारलं. इरफान म्हणाला, "कळणार नाही एवढं." काकांनी त्याला पोटभर भाकरी-पिठलं खायला घातलं.

आम्ही पुन्हा आहुप्याला गेलो, इरफानच्या गाडीतून. काका बाजूच्या शिटावर बसून वाटभर ब्रेक मारत होते. घाटात मला मळमळायला लागलं, आणि मला काकांनी एका सुळक्याकडं बघायला लावलंय हे ठाऊक असूनही मी बघितलं, आणि बरं वाटलं.

कोंबडी एका आजींची होती. आजींनी अट घातली की कोंबडीला पळवायचं नाही, ती अंड्यावर यायची आहे. काकांनी तांदळाच्या कण्यांची बारीक रेघ ओढली. कोंबडीनं कण्या खाल्ल्या आणि आल्या वाटेनं परत गेली. हे सात वेळा झालं. आठव्या वेळी ती आम्हाला हवी तशी डावीकडं चालली, मधेच थांबली, टोचलं, आणि पुढं गेली. पानाचा प्रश्न निघाला तेव्हा इरफान म्हणाला, एक पान तोडून वरून सोडू. काका आणि आजी दोघांनीही त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं पुन्हा हात खिशात घातले. राईतलं पान तोडायचं नाही, पडलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा तिथला जुना कायदा. मग आम्ही पान आपणहून पडायची वाट बघत दीड दिवस कॅमेरा लावून बसलो. पान पडलं. त्या आनंदात इरफाननं आजींना मिठी मारली, आणि आजींनी त्याला काठीनं बाजूला केलं.

वर बघणारा माणूस म्हणून आम्ही काकांनाच उभं केलं. खाकी शर्ट घालून ते चालत आले, थांबले, मान ताठ करून झाडाकडं बघायला लागले. तिथं काही नव्हतं, तरी इरफान आणि मी दोघंही वर बघत बसलो.

नवा चित्रपट शाळेतल्या पोरांना दाखवला. वीस पोरांपैकी एकोणीस पोरं शेकरापर्यंत पोचली आणि प्रत्येक जण ओरडला, "मी शोधलं! मी शोधलं!" विसावं पोरगं कोंबडीपाशीच राहिलं, त्याच्या घरी कुक्कुटपालन होतं. केंद्राच्या साहेबांनी पाठ थोपटली. पण मला साहेबांचं काही नव्हतं. मला काकूंना चष्मा घालून बघायचा होता, आणि काकांच्याही मनात तेच होतं; हे आम्ही एकमेकांना न सांगता ठरवलं होतं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, बसवून, थोडा वेळ, चक्कर आली तर लगेच काढा.

पहिल्या दिवशी काकूंनी चष्मा हातात घेऊन फिरवून बघितला. "बैलाला बांधत्यात तशी झापड हाय ही," म्हणाल्या, पण बांधू दिली. इरफानच्या संगणकावर त्या काय बघताहेत ते आम्हाला दिसत होतं. काकू उजवीकडं बघत होत्या. कोंबडी आली. काकूंची नजर तिच्यावर बसली. कोंबडी चालली, नजर चालली, अगदी मधोमध आली, तिथं कोंबडी पलीकडं गेली आणि काकू म्हणाल्या, "गेली. कापली वाटतं कुनी." पुढं पाच मिनिटं त्या नुसत्या झाडाचं खोड बघत बसल्या. टीव्ही थांबला होता, तीच जागा.

मला रडू येत होतं. काका मात्र जिन्यावर जाऊन बसले आणि तिथून इरफानला म्हणाले, "तुजी कोंबडी चुकार ड्रायव्हरवानी वागती. पाशिंजर फाट्यावर ऱ्हायला तरी हिनं गाडी हानली. पाशिंजर चढल्याबिगर डबल बेल द्यायची नसती, बाबा. गाडी मागं घ्यायची, त्याला उचलायचा, मंग निघायचं."

इरफाननं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि चप्पल न घालता माडीवर पळाला. चष्म्याला नजर कळत होतीच. त्यानं कोंबडीला शिकवलं: बघणाऱ्याची नजर तुझ्यावर असली तरच पुढं चाल; सुटली तर परत ये, टोच, वाट बघ. काका उभं राहून वर बघत होते, त्या तुकड्यालाही तसंच. बघणारा येईपर्यंत त्या काकांनी झाडाखाली थांबायचं, कितीही वेळ. ते काम काकांना नवीन नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारी, जेवणं झाल्यावर, आम्ही पुन्हा बसलो. काकू खाटेवर, मी उजवीकडं, इरफान संगणकाशी. सूनबाई टीव्हीच्या मागं दारात, हात पिठाचे. काका त्यांच्या जागेवर, डावीकडं, हातभर अंतरावर. काकांनी चमचा तांब्यावर दोनदा वाजवला.

कोंबडी आली. काकू बघायला लागल्या. कोंबडी मधोमध आली, पलीकडं गेली, आणि काकूंची नजर निसटली. कोंबडी मागं आली. "आली का गं परत," काकू म्हणाल्या. कोंबडीनं टोचलं आणि चार बोटं गेली. निसटली, परत आली. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. काकूंना कोंबडीचा राग यायला लागला होता. "एका जागी बस की," त्या म्हणाल्या, आणि मान वळली, थोडी, आणखी थोडी, टीव्हीच्या पलीकडं, जिथं दोन वर्षांत गेली नव्हती तिथं.

मग काकू एकदम ताठ झाल्या.

"हे बघा! म्हनत व्हते ना मी!" त्या ओरडल्या. "गावात हिंडून भागलं न्हाई, आता आहुप्याला जाऊन बसलेत! आन् वर काय बघत्यात एवढं?"

सूनबाईनं पिठाचा हात तोंडावर धरला. काकूंनी वर बघितलं. पान पडलं. काकूंची हनुवटी पानामागून वर गेली, डावीकडं, अगदी डाव्या खांद्यापर्यंत.

"अगं बया," त्या हळूच म्हणाल्या. "केवढी शेपटी."

अकरा सेकंद त्या तशाच होत्या. मी हलले नाही. इरफाननं खूण केली तेव्हा मी मागून, मानेला धक्का न लावता, चष्म्याचा पट्टा सोडला आणि अलगद वर उचलला.

काकूंची मान तशीच राहिली होती. डोळे मिचकावत त्या बघायला लागल्या. समोर शेंगांचं सूप होतं, सुपावर दोन हात होते, आणि खाकी शर्ट. मला वाटलं, आता नजर निसटेल. निसटली नाही. ती शर्टापासून वर चढत चेहऱ्यापर्यंत आली आणि तिथं थांबली.

"तुमी कवा आलात?" काकूंनी विचारलं.

काकांनी शर्टाची वरची गुंडी चाचपली.

"आत्ताच," ते म्हणाले. "गाडीला लई उशीर झाला."